सोहेल ठीक आहे

सोल्या, शाळेनं इथं नागापुरात फ्लेक्सवर तुझा तोच फोटो लावलाय. दिव्याखालचा.

खाली ओळ आहे, 'आमच्या परिवारातील एक तेजस्वी तारा निखळला.' परिवार म्हणे. तुझ्या अम्मीला त्या परिवाराच्या फाटकाआत कधी खुर्ची मिळाली नाही. भेटीच्या दिवशी ती वॉचमनच्या खोलीबाहेर डबा मांडीवर घेऊन बसायची. फोटो बघून मला राग यायच्या आधी हसू आलं, आणि मग हसल्याचा राग आला. कारण तू रस्त्यावरच्या दिव्याखाली उभ्या जन्मात अभ्यास केलेला नाहीस. नागापूरला तुमची खोली आमच्या खोलीच्या भिंतीला लागून. मला माहीत आहे. तुमच्याकडं ट्यूबलाइट होती, पंखा होता, आणि तुझा अभ्यास पलंगावर पालथं पडून, शेजारी शेव-चिवड्याची पुडी ठेवून चालायचा. शमीमचाची फॉल-पिकोच्या मशीनवरून ओरडायची, "पुस्तकाला तेल लागलं बघ," आणि तू पान न उलटता म्हणायचास, "पान गुळगुळीत झालं की डोक्यात लवकर उतरतं, अम्मी."

ती दिव्याची गोष्ट तू बनवलीस. त्या शाळेत दरवर्षी एका गरीब पोराला फुकट घेतात, त्याच्या मुलाखतीसाठी. तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. आदल्या दिवशी माझ्याकडं आलास.

"ताई, ह्यांना काय पायजे असतं?"

मी संघटनेत नवी होते. मी म्हणाले, गुणवत्ता.

"न्हाई. गुणवत्ता त्यांच्याकडं लई हाय, विकतची. त्यांना गरिबी पायजे. पन स्वच्छ. नमस्कार करनारी."

नवे बूट घरी ठेवून तू शिवलेली चप्पल घालून गेलास. मामेभावाचा आखूड झालेला शर्ट. आत पाच-सहा जण बसले होते, त्यांना तू दिव्याची गोष्ट सांगितलीस, डास कसे चावतात तेसुद्धा सांगितलंस. युनूसचाचा बाहेर बसले होते. त्यांनी नंतर सांगितलं की एक बाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्यांना म्हणाल्या, तुमचा मुलगा हिरा आहे. चाचांना कळेना, हा आत काय करून आला. मग त्या लोकांनी तुला आवारातल्या खांबाखाली बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि फोटो काढला. भर दुपारी. दिवा नंतर संगणकावर लावला.

तर खोटं कोण बोललं आधी? हा प्रश्न मी आजही विचारते. तू गोष्ट सांगितलीस, त्यांनी दिवा पेटवला.

त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. वकिलाची नोटीस आलीय. घाबरले म्हणून नव्हे, माझ्यामागं संघटनेची चार पोरं आहेत म्हणून. वाचणाऱ्याला एवढं पुरे की नगरहून राहुरीच्या पुढं, देवळाली प्रवऱ्याच्या अंगाला, उसातून एक डांबरी रस्ता आत जातो. त्याला पाटी नाही. रस्ता संपतो तिथं भिंत आहे. आसपासचे लोक तिला भिंतवाली शाळा म्हणतात, आणि आत काय चालतं विचारलं तर हात हलवून म्हणतात, मोठ्यांचं हाय. काळ्या काचांच्या गाड्या येतात. कारखान्याच्या संचालकांची पोरं, बिल्डरांची, अधिकाऱ्यांची. आई-बापांकडून आधीच लिहून घेतात की आतलं बाहेर बोलायचं नाही. पोरांकडं मोबाईल नाही. आणि असल्या गोष्टीला लोक 'संस्कार' म्हणतात.

आत काय चालतं ते मला तू सांगितलंस. मौन.

बाहेरच्यांसाठी समजावून सांगते. पोरानं चूक केली की त्याच्या मनगटाला पांढरी फीत बांधतात. फीत असेपर्यंत त्यानं कुणाशी बोलायचं नाही आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मित्रांनी नाही, सरांनी नाही, जेवण वाढणाऱ्यानंही नाही. तोंड उघडलं तर मुदत वाढते. जो त्याच्याशी बोलेल त्यालाही फीत. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. अंगावर वळ नाही, त्यामुळं दाखवायला काही नाही. शाळेत त्याला 'आत्मशिस्त' म्हणतात. पाचवीतलं पोर तीन-तीन आठवडे माणसांच्या गर्दीत एकटं फिरतं, आणि त्याच्या आईला कळवतात की मुलगा रुळतोय.

हे तू मला मे महिन्यात सांगितलंस, नळाला पाणी यायची वाट बघत आपण ओट्यावर बसलो होतो तेव्हा. हंडे रांगेत लावलेले. मी तिथंच पेटले. म्हणाले, पत्रक काढते, फाटकावर जाऊन वाटते. तू म्हणालास, "बस खाली, पत्रकताई. आधी माझा धंदा ऐक."

मग तू बिब्ब्याचं सांगितलंस.

मिरजगावला नानीच्या टाचेत काटा मोडला की ती बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि त्याचं तेल टाचेत सोडायची. तू लहानपणी तो बिब्बा चोरून खेळलास आणि अंगभर फोड आले. डॉक्टर म्हणाला कांजिण्या. नानी म्हणाली, कशाच्या कांजिण्या, बिब्बा उतलाय पोराला. ही गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. पण तू त्यातून एकच गोष्ट उचललीस. डॉक्टर फसतो.

शाळेला सगळ्यात मोठी भीती साथीची. एकाला फोड आले आणि बातमी बाहेर गेली तर गाड्यांची रांग लागेल पोरं न्यायला. म्हणून अंगावर पुरळ आणि ताप दिसला की त्या पोराला त्याच दिवशी गुपचूप घरी सोडायचे. तुझ्या हे ध्यानात आलं. सुट्टीवरून जाताना तू खिशात बिब्बे घेऊन गेलास. पोरांच्या पोटावर, दंडावर त्या तेलाचा जरासा हात. तोंडाला कधीच नाही. तपासायच्या आधी तोंडात गरम चहाचा घोट, म्हणजे थर्मामीटरही साक्ष देतो. नर्सबाई पुण्याच्या. त्यांनी आयुष्यात बिब्बा बघितला नव्हता.

"मौनातून सुटलेलं पोर पहिलं मी काढतो," तू म्हणालास. "ते आतून फुटलेलं असतं. चार दिवस आईजवळ राहिलं की जरा सांधतं."

"आणि घेतोस काय त्यांच्याकडनं?"

मला वाटलं होतं पैसे घेत असशील. तू हसलास. त्या पोरांना तुझी एकच अट होती. घरी गेल्यावर तुझ्या अम्मीला फोन लावायचा आणि म्हणायचं, आंटी, सोहेल ठीक आहे.

फुकटच्या पोराला महिन्यातून एकदा फोन, तोही समोर वॉर्डन बसलेला. म्हणून तू हा रस्ता काढलास. तेव्हा कुठं मला उलगडलं की चाचीला कधी कोल्हापूरहून, कधी बाणेरहून, कधी नाशिकच्या कुठल्या बंगल्यातून पोरांचे फोन का येतात. चाची फोन स्पीकरवर टाकायची, खोल्यांची सगळी ओळ ऐकायची. "आंटी, मैं सोहेलका दोस्त. वो ठीक है." चाची विचारायची, बेटा, तू जेवला का? काय जेवला? भाजी खाल्ली का? आणि मशीनवर परत बसताना आम्हाला म्हणायची, मोठ्या घरची पोरं आहेत, पण आई-बापानं शिकवलंय हां चांगलं.

त्या ओट्यावर आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही, म्हणून इथं मांडते.

मी म्हणाले, हे फसवणं आहे. आज एक पोर चार दिवस घरी जातं, पाचव्या दिवशी परत त्याच भिंतीआड. मौन तसंच. तू त्यांची शिक्षा सुसह्य करतोयस, म्हणजे त्यांनाच मदत करतोयस.

तू माझं बस-पासचं पत्रक खिशातून काढलंस. घडी घातलेलं, तेलकट. "हे मला भज्याच्या गाडीवर मिळालं. तुझ्या पत्रकावर लोक भजी खातात, ताई. माझ्या बिब्ब्यानं पोरगं संध्याकाळी आईच्या मांडीवर असतं."

"पण भिंत?"

"भिंत तू पाड. तवर मी पोरं काढतो."

"खोटं बोलून?"

"तू खरं बोलून किती काढली?"

तेवढ्यात नळाला पाणी आलं. बायकांचा गलका उठला, तू माझा हंडा आधी लावलास आणि पवारकाकूंना म्हणालास, "काकू, ताईला लवकर सोडा, तिला क्रांती करायची हाय." सगळ्या हसल्या. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही.

एक मात्र मान्य करते. माझ्या पत्रकांचा तुझ्याइतका बारकाईनं वाचणारा वाचक दुसरा नव्हता. तू म्हणायचास, ताई, सुरुवातीलाच 'जाहीर निषेध' टाकतेस, मग पुढं कोन वाचील? पहिल्या ओळीत मानूस आन. निषेध शेवटाला ठेव, राहिला तर राहिला. लोकांना कसं गुंतवायचं हे तुला उपजत कळत होतं, आणि ते तू चांगल्यासाठी वापरलंस की वाइटासाठी, याचा हिशेब मला अजून लागत नाही. पण बघ, हा लेख मी तुझ्यापासून सुरू केलाय.

जूनमध्ये तू परत गेलास. पुढचं मी तुकड्या-तुकड्यांनी गोळा केलंय.

ऑगस्टमध्ये एका संचालकाच्या पोराला तू घरी पाठवलंस. घरी त्याची आजी होती. तिनं नातवाचा सदरा वर केला आणि म्हणाली, अगंबया, ह्याला तर बिब्बा उतलाय. संपलं. एवढा हुशार तू, सोल्या, आणि एक गोष्ट विसरलास. ही पोरं इंग्रजीत शिंकत असली तरी त्यांच्या आज्या आपल्याच गावांतल्या आहेत. डॉक्टर फसतो हे तू लक्षात ठेवलंस. नानी फसली नव्हती, ते विसरलास.

तुला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर तू बाहेर येऊन बोलला असतास, आणि एवढी पोरं अंगावर फोड उठवून का पळतात हा प्रश्न कुणीतरी विचारला असता. त्यांनी तुला आत ठेवलं आणि मनगटाला फीत बांधली. वर ताकीद दिली की आता एकदा जरी आजारी म्हणून दवाखान्यात दिसलास तर जागा गेली.

त्याच दिवशी तू काढलेलं शेवटचं पोर घरी जायला गाडीत बसलं. आजीची बातमी शाळेत पोचायच्या आधीच त्याला सोडायचं ठरलं होतं, ते तेवढं झालं. मी त्याला पार्थ म्हणते. त्याचं खरं नाव वेगळं आहे, गावही सांगत नाही. पाचवीतला. तो त्याआधी मौनातून निघाला होता. गाडीच्या काचेतून त्यानं तुझ्या मनगटाला फीत बांधताना बघितली.

मग तुला ताप आला. खरा.

पार्थचं आणि हे, दोन्ही मला ओमनं सांगितलं, तुझ्या खोलीतल्या पोरानं. तुला नगरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा उचलायला म्हणून त्याला गाडीत घेतलं होतं. वॉर्डन फोनवर होता. ओम पाण्याच्या कूलरपाशी भिंतीला चिकटून उभा होता. मी विचारलं, कधीपासून आजारी आहे हा?

"दीदी, चार-पाच दिवस झाले. रोज सकाळी तपासणी असते. त्याच्या आधी तो तोंडात बर्फ धरायचा."

"बर्फ?"

"ताप दिसू नये म्हणून. नर्सच्या समोर हसत उभा राहायचा. नर्स निघाली की खाली बसायचा."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी वेडीच आहे. "तो मौनात होता, दीदी."

ज्यानं चहा पाजून दुसऱ्यांना ताप आणला, त्यानं बर्फ चघळून स्वतःचा ताप लपवला. जागा जाऊ नये म्हणून. ती जागा, जिची तू माझ्यासमोर टिंगल करायचास. मला वाटायचं तुला तिची किंमत नाही. तू तिच्यासाठी हसत उभा राहिलास, आणि डेंग्यूनं रक्तातलं सगळं आटवून टाकलं. तुझं सगळ्यात उत्तम सोंग हे. कुणाला कळलं नाही, आणि नेमकं तेच आज त्यांच्या कामी येतंय.

ते म्हणतात, मुलानं तक्रार केली नाही. खरं आहे. बोलायची बंदी होती. ते म्हणतात, रोजच्या तपासणीत ताप नव्हता. तेही खरं आहे. आणि मौन? मौन नावाची कुठलीही शिक्षा आमच्याकडे नाही. फीत? कसली फीत? दवाखान्यात आणलं तेव्हा तुझं मनगट मोकळं होतं. मी बघितलं. तिथली कातडी बाकी हातापेक्षा उजळ होती, बारीक पट्टा. तो पट्टा तुझ्याबरोबर मातीत गेला.

पोलीस ठाण्यात साहेबांनी चाचीला खुर्ची दिली, एवढं चांगलं. मग विचारलं, "दर रविवारी फोन यायचा ना, पोरगा ठीक आहे म्हणून?"

चाची म्हणाली, "हां."

"मागच्या रविवारीपण आला?"

"हां."

"मग? ठीकच होता की." आणि माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "पोरगं जरा चालू होतं ना?"

दर रविवारचा तो फोन पार्थचा. एका फोनवर त्याची अट पुरी झाली होती. पण चाचीनं काय जेवला विचारलं आणि ते पोर दर रविवारी फोन करायला लागलं. अंगावरचं गेल्यावरही घरच्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. आत काय झालं त्याला काय माहीत? त्याला तू शिकवलेली ओळ पाठ होती. तू तापानं खाली बसत होतास तेव्हा तो सांगत होता, आंटी, सोहेलदादा ठीक आहे. तू आईला दिलेला दिलासा आज तुझ्याविरुद्ध जबाब म्हणून नोंदला गेलाय. तू असतास तर म्हणाला असतास, काय जबरी गेम झाला ना ताई. मला नाही हसू येत.

शाळेनं भलंमोठं पुष्पचक्र पाठवलं. युनूसचाचांनी ते न बोलता पाण्याच्या टाकीमागं नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पवारकाकूंच्या शेळीनं त्यातला झेंडू खाल्ला, उरली फक्त तार आणि शाळेच्या नावाची पट्टी. त्या सगळ्या दिवसांत मनाला बरं वाटावं असं काही घडलं असेल तर तेवढंच.

ओमला मी दोनदा गाठायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी त्याच्या वडिलांनी फोन घेतला. आवाज अगदी शांत. "ताई, तुमचं दुःख समजतं. पण आमच्या मुलाचं नाव कुठं आलं, तर तुमच्या संघटनेला नगरमध्ये झेरॉक्स काढायला दुकान उरणार नाही." मी म्हणाले, बघू. पण बघण्यासारखं माझ्याकडं काही नाही. आमच्यातला किरण म्हणतो, पत्रक काढू, पण बर्फाचं वगळ. सरळ लिही की पोरगं ताप-ताप म्हणत होतं आणि त्यांनी लक्ष दिलं नाही. मी म्हणाले, तो बोलूच शकत नव्हता, तोच तर गुन्हा आहे. किरण म्हणाला, ते सिद्ध कोण करणार? एक पोर आण, जे म्हणेल की हो, मौन असतं, आणि सोहेल त्यात होता. एक.

तू काय म्हणाला असतास ते मला ऐकू येत होतं. "वगळ की, ताई. एवढ्याशा बर्फानं काय हुतंय." मी वगळलं नाही. पत्रक तसंच पडून आहे.

तुझी जियारत, तिसऱ्या दिवशीची दुआ, झाली त्यानंतरच्या रविवारी आम्ही बायका तुमच्या खोलीत बसलो होतो. दुपार. चाचीचा फोन वाजला. तिनं सवयीनं स्पीकरवर टाकला.

"आंटी, सोहेलदादा ठीक आहे. मजेत आहे."

कुणीतरी पदर तोंडात कोंबला.

"हां बेटा," चाची म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "तू जेवला का?"

"हो. आमटी-भात."

"भाजी?"

"भेंडी होती. नाही आवडत."

"खायाची. थोडी खायाची. बरं, ठेव आता."

शाळेनं पालकांनाही काही कळवलं नव्हतं, त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. आणि मला, खोटं कशाला बोलू, दुःखाच्या आधी हेच सुचलं. साक्षीदार. स्वतः मौन भोगलेला, तुला फीत बांधताना बघितलेला, आणि भिंतीच्या बाहेर असलेला एकुलता एक. मी फोनला हात घातला. चाचीनं फोन मांडीखाली सरकवला.

"चाची, तोच आहे तो. त्याला सगळं माहीत आहे."

"पोरगं आहे ते."

"त्यानं एक वाक्य सांगितलं तर शाळा अडकेल, चाची. सोहेलला न्याय..."

"सोहेलनं त्याला बाहेर काढलंय," ती म्हणाली. "मरायच्या आधी केलेलं शेवटचं काम त्याचं. तू त्याला धरून परत आत नेऊ नको."

बिब्ब्याचं मी तिला दवाखान्यातून आल्यावर सांगितलं होतं, पण आपलं ओट्यावरचं भांडण चाचीला माहीत नव्हतं. तरी ती तुझ्याच बाजूनं बोलली. मी उठून बाहेर आले आणि टाकीमागच्या त्या तारेला लाथ मारली.

आठवडाभर मी स्वतःशी भांडले. माझं बरोबर आहे, अजूनही म्हणते. आत दीडशे-दोनशे पोरं असतील. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मनगटाला आज फीत आहे. एका पोराची झोप जाईल म्हणून बाकीची आत कुजू द्यायची? मी ठरवलं. पुढचा फोन मी घेणार.

पुढच्या रविवारी चाची नमाजला उभी होती. फोन मशीनवर होता. वाजला, मी उचलला. प्रश्न तयार होते, रेकॉर्डिंगचं बटण समोर दिसत होतं.

"आंटी?"

"आंटी नमाज पढतायत. मी शेजारची ताई."

"पत्रकताई?"

तू त्याला माझं सांगितलं होतंस.

"हो," मी म्हणाले.

"ताई, दादाचं मौन संपलं का? मी आलो तेव्हा त्याला फीत बांधली होती."

बघ, सोल्या. मी विचारलंही नव्हतं. किरणनं मागितलेलं ते एक वाक्य, जसंच्या तसं, एका पोराच्या तोंडून, आपण होऊन आलेलं. माझं बोट बटणापाशी होतं. पलीकडं त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं परत विचारलं, "तो बोलतो का आता?"

मी बटण दाबलं नाही. म्हणाले, "ठीक आहे तो. जेवतो-बिवतो. ठीक आहे."

माझ्या आयुष्यात मी पत्रकात एक शब्द खोटा छापलेला नाही. आणि हे इतकं सहज आलं की माझाच आवाज मला ओळखू येईना. तुला काय वाटायचं ते तेव्हा कळलं. पोर पलीकडं मोकळं होत जातं, ते ऐकू येतं. तुला याचीच चटक लागली होती ना?

मग तो म्हणाला, "बरं झालं. दिवाळीनंतर मला परत पाठवणारेत. मी पप्पांना आधी नाही म्हणत होतो. पण दादा आहे ना तिथं. त्याला सांगाल, मी येतोय म्हणून?"

फोन ठेवला गेला. चाचीनं नमाज संपवून सलाम फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "जेवला का तो?"

आता सांग. भिंत मला पाडता आली नाही, आणि तू काढलेलं पोर आपल्या पायांनी परत आत निघालंय, तू आहेस म्हणून. त्याला खरं सांगितलं तर त्याचा जीव तुटेल. नाही सांगितलं तर तो त्या फाटकातून तुझ्या नावानं हाका मारत जाईल, आणि तिथं कुणी त्याला उत्तर देणार नाही. लोकांना गुंतवायचं कसं ते तू मला शिकवलंस. एकदा सांगितलेलं खोटं परत कसं घ्यायचं, ते सांगायच्या आधी तू गेलास. तुला तरी येत होतं का, कुणास ठाऊक.

उद्या रविवार आहे. चाचीनं फोन चार्जिंगला लावलाय.